घंटेचा दोर कोणाच्या हातात? अंधेरी-बोरिवलीच्या गावठाणांतली चर्चची घंटा, तिचे ठोके आणि तिचा प्रवास

तीन ठोके. थोडी उसंत. पुन्हा तीन ठोके. पुन्हा उसंत. पुन्हा तीन. आणि मग सलग नऊ.

वसई, उत्तन, गोराई किंवा मनोरीकडच्या वाचकांना हे कशाचे ठोके आहेत ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. ही कॅथलिक चर्चची तिन्हीसांजेची घंटा. पहाटे, दुपारी बाराला आणि संध्याकाळी अशी दिवसातून तीनदा ती वाजते. देवदूतानं मरियेला निरोप दिला, त्या प्रसंगाची ही प्रार्थना असते. लॅटिन नावावरून तिला आंजेलुस म्हणतात. पूर्वी घंटा ऐकली की शेतातला माणूस नांगर थांबवायचा, टोपी काढायचा, प्रार्थना म्हणायचा आणि मग बैल सोडायचा. शेजारच्या हिंदू शेतकऱ्यालाही वेळ त्यावरूनच कळायची. घड्याळ कोणाकडे होतं तेव्हा?

मुंबई उपनगरात शेतं कुठली, असं काहींना वाटेल. पण मुंबई उपनगर हा आजही तीन तालुक्यांचा जिल्हा आहे : अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. घाटकोपर, मुलुंड हे कुर्ला तालुक्यात येतात. इमारतींच्या मधोमध जुनी गावठाणं अजून आहेत. कौलारू घरं, विहीर, नाक्यावर दगडी क्रूस आणि जवळपास चर्च. इथली मूळ ख्रिस्ती वस्ती ईस्ट इंडियन समाजाची, आणि त्यांची घरातली बोली मराठीचीच. १८८७ साली त्यांनी हे नाव घेतलं, पण जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.

या लेखात त्या देवळाची घंटा वाजवायची कशी, ती काय सांगते, ती वाजवण्याचा छंद गावोगाव कसा होता, आणि त्यातल्या काही घंटा महादेवाच्या मंदिरात कशा पोचल्या, ते बघू.

आधी जागा समजून घेऊ

वांद्र्यापासून पार घोडबंदरपर्यंतचं बेट म्हणजे साष्टी. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत इथं भराभर चर्च उभी राहिली. बोरिवलीत मंडपेश्वरच्या लेण्यांवर मठ बांधला गेला. त्याच्या पडक्या भिंती आजही लेण्यांच्या माथ्यावर दिसतात. वांद्र्याचं सेंट अँड्र्यू आणि मालाडजवळ एरंगळच्या किनाऱ्यावरचं सेंट बोनाव्हेंचर ही दोन्ही १५७५ची. अंधेरीत मरोळकडचं सेंट जॉन बाप्टिस्ट १५७९चं.

हे शेवटचं चर्च आता सीप्झच्या कुंपणाच्या आत आहे. १८४० च्या सुमाराला साथीच्या रोगामुळे लोकांनी ती वस्ती सोडली. मूर्ती, वेदी, खांब, बाप्तिस्म्याचं कुंड सगळं मरोळच्या नव्या चर्चमध्ये नेलं. मागे उरल्या नुसत्या भिंती. गाव उठलं की देऊळही उठतं. घंटा ऐकायलाच कोणी नसेल तर वाजवायची कोणासाठी?

मुलुंड-घाटकोपरकडची बरीच चर्च मात्र विसाव्या शतकात वस्ती वाढल्यावरची आहेत. तिथं पिढीजात घंटा वाजवणारं घर वगैरे प्रकार फारसा सापडणार नाही. हा छंद मुख्यतः पश्चिमेकडच्या जुन्या गावठाणांचा, कोळीवाड्यांचा आणि पुढे खाडीपलीकडे उत्तन-वसईचा.

ठोक्यांची भाषा

आपल्या मंदिरात घंटा कोण वाजवतो? जो दर्शनाला येतो तो. आत शिरताना एक टोला द्यायचा, देवाला सांगायचं की मी आलोय. चर्चची घंटा उलटं काम करते. तिथं येणारा माणूस घंटेला हात लावत नाही. एक ठरलेला माणूस ती वाजवतो आणि ती सगळ्या गावाला काहीतरी सांगते. म्हणून ती उंच मनोऱ्यात असते, आणि म्हणून तिला भाषा लागते.

ती भाषा साधी आहे. तीन-तीन-तीन-नऊ म्हणजे प्रार्थनेची वेळ. भराभर, न थांबता वाजत राहिली तर मिस्सा सुरू होणार आहे, निघा. खूप वेळ, उत्साहानं, एकापेक्षा जास्त घंटा असतील तर सगळ्या मिळून वाजल्या तर सण, लग्न किंवा मिरवणूक. आणि एकच ठोका, मग लांब शांतता, मग पुन्हा एकच ठोका, तर गावात कोणीतरी गेलं.

या शेवटच्या ठोक्यांची रीत गावोगाव वेगळी असते. इंग्लंडात जुन्या काळी पुरुष गेला तर तीनाचे तीन, बाई गेली तर दोनाचे तीन आणि नंतर वयाइतके ठोके, अशी पद्धत बऱ्याच गावांत होती. ऐकणारा ठोके मोजायचा आणि कोण गेलं असेल ते मनात ताडायचा. आज व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटोसकट बातमी येते, पण ती ग्रुपात असलेल्यालाच. घंटेला असा ग्रुप नव्हता. गावात राहणारा प्रत्येक जण, कुठल्याही धर्माचा असो, तो ठोका ऐकायचाच.

वर्षातून एकदा घंटा गप्पही बसते. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात महिमास्तोत्र सुरू होतं तेव्हा घंटा जोरात वाजते, आणि मग बंद. शुक्रवारी नाही, शनिवारी दिवसभर नाही. त्या काळात लोकांना बोलवायचं तर लाकडी खटखटा वाजवतात : एका फळीवर लाकडी दांडा हलता बसवलेला, हलवला की खट्-खट् आवाज होतो. शनिवारी रात्री उठाणाच्या मिस्सात पुन्हा महिमास्तोत्र आलं की घंटा मोकळी होते. फ्रान्समध्ये लहान मुलांना सांगतात की या तीन दिवसांत घंटा उडून रोमला गेलेल्या असतात. ज्यांनी ते दोन दिवस शांततेत काढलेत त्यांना शनिवार रात्रीची घंटा कशी वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको.

वाजवायची कशी

बाहेरून वाटतं, दोर ओढला की वाजली. तसं नाही.

पोर्तुगीज वळणाच्या चर्चमध्ये घंटा सहसा तुळईला पक्की टांगलेली असते, ती स्वतः हलत नाही. आतला लोखंडी लोलक हलतो. त्याच्या टोकाला दोर बांधून खाली सोडलेला असतो, नाहीतर वाजवणारा वर मनोऱ्यातच जाऊन उभा राहतो. दोर ओढला की लोलक घंटेच्या काठावर आदळतो. काठाजवळ जिथं धातू सगळ्यात जाड असतो, बरोबर तिथं तो लागला पाहिजे.

शिकाऊ पोराची पहिली चूक ठरलेली असते. तो दोर ओढतो आणि धरून ठेवतो. लोलक काठाला चिकटून राहतो आणि आवाज गुदमरतो, ‘टणण्’ ऐवजी ‘टक्’ येतं. आवाज खराब होतो तो होतोच, पण घंटेलाही धोका असतो. घंटेचा धातू म्हणजे कासं, साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. हा धातू गातो छान, पण आहे ठिसूळ. ठोका बसल्यावर घंटा थरथरत असते आणि तेव्हाच लोखंड तिला दाबून धरलं तर ती तडकू शकते. इंग्लंडात लोलकाला दोर बांधून घंटा वाजवण्याच्या आळशी पद्धतीमुळे कितीतरी जुन्या घंटा तडकल्या आणि पुन्हा ओताव्या लागल्या. एकदा तडकलेली घंटा फुटक्या मडक्यासारखी वाजते. साध्या वेल्डिंगनं ती बरी होत नाही, उलट तड वाढण्याची भीती असते.

म्हणून पहिला धडा एकच : ओढ आणि लगेच सोड. मनगटाचा झटका, खांद्याचा जोर नाही. ढोल वाजवणाऱ्यांना हे पटकन समजेल. टिपरू चामड्यावर दाबून ठेवत नाहीत, ते उसळू देतात.

दुसरा धडा मोजण्याचा. नऊ ठोके म्हणजे नऊच, आणि दोन ठोक्यांतलं अंतर सारखं. अंतर चुकलं की घरी बसलेली म्हातारी माणसं ओळखतात की आज दोरावर कोण नवा आहे. तिसरा धडा कान सांभाळण्याचा. वर मनोऱ्यात घंटेच्या शेजारी उभं राहून रोज वाजवणाऱ्याचे कान हळूहळू जातात, हे काही गमतीनं घेण्यासारखं नाही. कापसाचा बोळा तरी हवाच. आणि विजांचा कडकडाट चालू असताना मनोऱ्यात जायचं नाही. युरोपात एके काळी वादळ पळवून लावायला म्हणून घंटा वाजवत, आणि ओला दोर हातात धरलेली माणसं वीज पडून मरत.

हे काम पगारी असायचं तसं हौशीही असायचं. चर्चची देखभाल करणारा सेवक मुख्य. पण सणाच्या दिवशी अर्धा-पाऊण तास घंटा वाजवायची तर एका माणसाचे हात भरून येतात. तेव्हा वेदीवर सेवा करणारी पोरं पाळी लावतात. मिस्सा संपल्यावर दोरापाशी पोरांची रांग, मोठ्यानं लहानाला बाजूला सारणं आणि ‘माझे दहा अजून झाले नाहीत’ अशी भांडणं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं वर्णन नको. एरंगळची जानेवारीतली जत्रा असो की वांद्र्याच्या मोतमाउलीची सप्टेंबरातली, घंटेचा दोर हाती येणं हा पोरांच्या दृष्टीनं मानच. कोणी शिकवणी घेत नाही, वही नाही, परीक्षा नाही. बघून बघून हात बसतो. अशा गोष्टीची अडचण एवढीच की एका पिढीनं दोर सोडला की पुढच्या पिढीला बघायलाच काही उरत नाही.

आठ दोर, आठ माणसं : इंग्रजी तऱ्हा

घंटा वाजवण्याचा छंद सगळ्यात वेडानं जोपासला तो इंग्लंडच्या खेड्यांनी. त्याला चेंज रिंगिंग म्हणतात, आणि त्याची सोय असलेले दोन मनोरे आपल्या महाराष्ट्रातही आहेत. एक मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या चर्चमध्ये १९०४ साली इंग्लंडच्या लफबरो गावातल्या टेलर यांच्या कारखान्यातून आठ घंटांचा संच आला. दुसरा पुण्यात गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चचा उंच मनोरा. तिथंही आठ घंटांचा संच आहे. होय, तेच पंचहौद, जिथं १८९० साली टिळक-रानड्यांनी चहा घेतला आणि पुण्यात गदारोळ झाला. चहाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, घंटांची फारशी कोणी विचारत नाही.

या पद्धतीत घंटा पक्की नसते. ती मोठ्या लाकडी चाकाला जोडलेली असते आणि दोर त्या चाकावरून खाली येतो. सुरुवातीला घंटा झोके देत देत तोंड वर करून उभी करतात. मग दोर ओढला की ती पूर्ण एक गिरकी घेते, एकदाच वाजते आणि पुन्हा तोंड वर करून थांबते. पुढच्या ओढीला उलट्या दिशेनं गिरकी. शेकडो किलोंची घंटा अशी डोक्यावर फिरत असते आणि खाली माणसाच्या हातात फक्त दोर.

आता गंमत बघा. एवढी जड वस्तू हवी तेव्हा, हवी तशी वाजवता येत नाही. जरा लवकर किंवा जरा उशिरा, इतकंच हातात असतं. त्यामुळे गाण्याची चाल वाजवणं शक्य नाही. मग इंग्रजांनी चाल सोडून दिली आणि क्रमाचा खेळ काढला. तीन घंटा घ्या : १-२-३. पुढच्या फेरीत शेजारच्या दोघींनी जागा बदलायची : २-१-३. मग २-३-१, ३-२-१, ३-१-२, १-३-२ आणि परत १-२-३. सहा वेगळे क्रम झाले, एकही दोनदा नाही. चार घंटांना असे २४ क्रम होतात. सहांना ७२०, म्हणजे साधारण अर्धा तास. सातांना ५,०४०, म्हणजे तीन तास. आठ घंटांना ४०,३२०.

हे सगळे क्रम माणसांनी खरंच वाजवले आहेत. जुलै १९६३ मध्ये लफबरोलाच आठ जणांनी सगळे ४०,३२० क्रम न थांबता वाजवले, त्याला जवळपास १८ तास लागले. कागद समोर ठेवायचा नाही, हात बदलायला माणूस घ्यायचा नाही. ढोल-ताशा पथकात एखादा चुकला तर बाकीचे झाकून नेतात. इथं एक जण चुकला की सगळं कोसळतं, कारण प्रत्येकाची जागा दुसऱ्याच्या जागेवर अवलंबून असते.

खरं सांगायचं तर हा प्रकार ऐकायला सगळ्यांना आवडेल असं नाही. शेजारी राहणाऱ्याला तीन तास नुसता घणघणाट वाटू शकतो. पण आठ माणसं वर्षानुवर्षं दर आठवड्याला एका खोलीत भेटतात, कोणी शेतकरी, कोणी मास्तर, कोणी दुकानदार, आणि त्यातल्या काहींचा देवाधर्माशी फारसा संबंधही नसतो, ही गोष्ट मोठी वाटते. आपल्याकडच्या भजनी मंडळासारखंच हे. फरक इतका की इथं आठांतले दोन आले नाहीत तर संच अपुरा पडतो. एका घंटेला एक हौशी पोरगा पुरतो, आठांना आठ शिकलेले हात एकाच वेळी लागतात. म्हणून ही तऱ्हा आपल्याकडे कुलाबा-पुण्याच्या पलीकडे गावठाणात उतरली नाही.

मोटर आली, दोर वर गुंडाळला गेला

आता बऱ्याच ठिकाणी घंटेला विजेची हातोडी बसवतात. टायमर लावला की सहाला तीन-तीन-तीन-नऊ, बरोबर मोजून. काही ठिकाणी तर मनोऱ्यावर कर्णा आणि आत रेकॉर्डिंग. आपल्या मंदिरांतही आरतीला मोटरवर चालणारा नगारा-घंटेचा संच आला आहे, तेव्हा हसायला कोणालाच जागा नाही.

मोटर लावणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. पहाटे रोज मनोरा चढायला माणूस मिळत नाही. गावठाणातली तरुण मुलं नोकरीला लांब जातात, काही परदेशात आहेत, घरं बिल्डरकडे गेली आहेत. म्हाताऱ्या सेवकानं कुठवर जिने चढायचे? मोटर आजारी पडत नाही, रजा मागत नाही.

पण मोटरला गावात कोण गेलं ते माहीत नसतं. मयताचे ठोके किती सावकाश द्यायचे, हे दोरावरचा माणूस त्या घरी काल जाऊन आलेला असतो म्हणून त्याला कळतं. लग्न आपल्याच भाच्याचं असेल तर तो पाच मिनिटं जास्त वाजवतो. आणि पोरांना दोर हातात मिळत नाही हे तर आहेच. रेकॉर्डिंगचा कर्णा लावून खरी घंटा वर गप्प ठेवणं हे त्यातलं सगळ्यात वाईट, असं आमचं मत. निदान हातोडी तरी खऱ्या घंटेवर पडते.

मधला मार्ग आहे आणि काही खर्चाचा नाही. रोजच्या वेळा मोटरवर, पण सण, लग्न, मयत आणि ईस्टरची रात्र दोरावर. त्यासाठी दोर काढून टाकायचा नाही, इतकीच अट. हातोडी बसवताना ती लोलकाच्या आड येणार नाही असं बघून घ्यावं लागतं, आणि ठोका दिल्यावर ती काठाला चिकटून न राहता मागे उसळते ना, हेही.

१७३९ : घंटांनी देऊळ बदललं

आता वसई-साष्टीपासून लांब, घाटावर राहणाऱ्या वाचकांच्या कामाची गोष्ट.

१७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं मोठ्या वेढ्यानंतर वसई जिंकली. पोर्तुगीजांची सत्ता या पट्ट्यातून संपली आणि चर्चच्या कितीतरी मोठ्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर नेल्या गेल्या. सरदारांनी त्या आपापल्या श्रद्धेच्या ठिकाणी वाहिल्या.

नाशिकला पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरावरची घंटा त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. मंदिर १७४७चं, घंटेवर १७२१ हे साल. मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात ते हिच्यावरूनच. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर एक आहे, तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेचं चित्र उठावात आहे. नसरापूरजवळ बनेश्वरला क्रूस आणि १६८३ हे साल असलेली घंटा आहे. भीमाशंकरच्या आवारात आहे, अष्टविनायकांतल्या पालीच्या बल्लाळेश्वरालाही आहे. हजारो भाविक या घंटा रोज बघतात. कित्येकांनी मेणवलीच्या घंटेवरची आई आणि मूल पाहून मनोभावे हात जोडले असतील, आणि त्यात वावगं काय?

घंटा तीच, काम बदललं. साष्टीत ती गावाला बोलवायची. देवळात आल्यावर ती एकेका भाविकाच्या हाताखाली आली. नारोशंकराची मात्र निराळीच कथा. ती नदीकडे तोंड करून उंचावर टांगलेली आहे, आणि गोदावरीला मोठा पूर आला की पाणी कुठवर चढलं हे नाशिककर तिच्यावरून सांगतात. पाणी घंटेला लागलं तर शहरावर संकट. म्हणजे फिरून फिरून ती पुन्हा सगळ्या गावाला खबर देण्याच्या कामालाच लागली.

तुमच्या गावच्या घंटेकडे एकदा नीट बघा

नाव झालेल्या घंटा सोडून द्या. ज्या गावच्या देवळात जुनी, मोठी, कमळासारख्या ओठाची घंटा आहे आणि ‘ती वसईची’ असं म्हातारी माणसं म्हणतात, त्या गावकऱ्यांनी तिच्यावर काय लिहिलंय ते एकदा वाचावं. कुठून आली याचा पुरावा बहुतेक वेळा त्या दोन ओळींशिवाय दुसरा नसतो.

संध्याकाळी अंधार पडल्यावर मोबाइलची बॅटरी लावा आणि उजेड समोरून न पाडता अगदी बाजूनं, धातूला घासून जाईल असा पाडा. पुसट अक्षरं सावलीमुळे वर येतात. फोटो काढा, घंटेभोवती फिरत आठ-दहा. काय शोधायचं? क्रूस, बहुतेकदा दोन-तीन पायऱ्यांवर उभा. रोमन लिपीतली आय-एच-एस ही तीन अक्षरं, ही येशूच्या नावाची खूण. ‘अॅनो’ हा शब्द, म्हणजे साल, आणि त्यापुढे आकडे. साल १७३९ च्या आधीचं असेल तर वसईच्या गोष्टीत दम आहे. नंतरचं असेल, किंवा इंग्रजी कारखान्याचं नाव असेल, तर ती जहाजावरची किंवा ब्रिटिश काळात विकत घेतलेली असू शकते. तीही जुनीच, तिचीही नोंद ठेवा. देवनागरी अक्षरं असतील तर आपल्याच तांबटांचं काम.

अक्षरं उमटत नसतील तर पातळ कागद त्यावर धरून शिसपेन्सिल आडवी घासा. लहानपणी नाण्यावर करायचो तसं.

आणि काय करू नका, ते जास्त महत्त्वाचं. जत्रेच्या आधी घंटा चकचकीत करायची म्हणून तारेचा ब्रश, अॅसिड, भरपूर चिंच लावून घासू नका. दरवर्षी अक्षर थोडं थोडं झिजतं आणि एक दिवस साल वाचता येत नाही. ऑइल पेंट तर अजिबात नको, आवाजही बसतो. लोलक हरवला म्हणून दगडानं किंवा घणानं वाजवू देऊ नका. लोलक नवा करायचा तर लोहाराला सांगा, मऊ लोखंडाचा कर, पोलादाचा नको. झिजायचाच असेल तर लोलक झिजावा, घंटा नाही. बऱ्याच वर्षांच्या ठोक्यांनी काठाला एका जागी खळगा पडला असेल तर घंटा पाव वळसा फिरवून टांगली की ठोका नव्या जागी बसतो. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यायचं, कारण वजन शेकड्यांत असतं.

जीर्णोद्धारात जुनी घंटा ‘देऊन’ नवी घ्यायचा सल्ला कोणी दिला तर सावध व्हा. १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते आणि ती विकण्यासाठी देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. भंगाराच्या भावानं घेणाऱ्याला तिची खरी किंमत बहुधा माहीत असते. देवस्थानच्या दप्तरात घंटेची उंची, तोंडाची रुंदी, त्यावरचा मजकूर आणि चारही बाजूंचे फोटो आजच लावून ठेवले तर उद्या चोरी झाली तरी पोलिसांना दाखवायला काहीतरी असेल.

फोटो काढून झाले की एकदा वाजवून बघा. लोलक हातात धरा, झटका द्या आणि लगेच सोडा. आवाज विरेपर्यंत सेकंद मोजा. चांगली घंटा बराच वेळ गुणगुणत राहते. आवाज मध्येच फाटला किंवा खरखरला तर कुठंतरी बारीक तड आहे, मग ती दुरुस्त होईपर्यंत जत्रेतल्या पोरांना तिच्यापासून लांब ठेवा.